खारी हवा, पितळेची बफ आणि एका ट्रेलरचं ॲल्युमिनियम

पार्श्वभूमी

डिचोलीजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक वेल्डिंग सेट आणि बफिंगचं मशीन, म्हणजे फिरत्या कापडी चाकाने (बफने) धातू चमकवायचं यंत्र. बफिंग मामा बघतात. सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही. डिचोलीची पितळी समई गोव्याबाहेरही ओळखली जाते आणि मामांचा जन्म त्याच कामात गेला. चवथीच्या आधीच्या महिन्यात आमच्याकडे समया, तांब्याचे कलश, देवळातल्या प्रभावळी यांची रांग लागते. त्या दिवसांत मामांच्या हातून दिवसाला पंधरा-वीस नग निघतात.

ज्या गाडीचं हे प्रकरण, तिचा मालक आमच्याच तालुक्यातला. खाणी चालू असताना त्याचा टिपर होता. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग काही काळ सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. त्याने टिपर विकला आणि जुना ट्रेलर घेतला. पुढचा हॉर्स, म्हणजे इंजिन-केबिनचा भाग, सहा चाकी, मागे चाळीस फुटी कंटेनरची ट्रॉली. मुरगाव बंदरातून वेर्णा आणि कुंडईच्या वसाहतीत माल नेणं हे रोजचं काम, अधूनमधून अनमोड घाटातून बेळगाव.

या हॉर्सवर ॲल्युमिनियम बरंच होतं: चारशे लिटरची डिझेल टाकी, हवेच्या दोन छोट्या टाक्या, पुढची दोन आणि मागची बाहेरची दोन रिमं, चढायच्या पायऱ्यांवरची चेकर्ड प्लेट. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेलं हे सामान आता राखाडी पडलं होतं. चवथीचं दीड दिवसांचं विसर्जन झालं आणि हा गाडी घेऊन आमच्या दारात आला.

"मामा, दसऱ्याला गाडीची पूजा आहे. त्या दिवशी टाकीत माझं तोंड दिसलं पाहिजे."

चवथ ते दसरा म्हणजे जेमतेम पाच आठवडे. त्यातही गाडी सलग उभी ठेवणं त्याला परवडणारं नव्हतं, हप्ता होता. म्हणून काम तुकड्यातुकड्याने करायचं ठरलं: आधी एका शनिवार-रविवारी पुढची रिमं, मग मागची, शेवटी चार दिवस गाडी उभी करून टाकी. हा क्रम वेळेच्या सोयीने ठरला, पण पुढे त्यानेच आम्हाला वाचवलं.

अडचण काय होती

राखाडी म्हणून सगळं एकच वाटत होतं. जवळून पाहिल्यावर चार वेगळे आजार दिसले.

टाकीच्या अंगावर काळपट ओघळ होते. विचारल्यावर कळलं, मालकाने एका वॉशिंग सेंटरवर ऑइलचे डाग काढायला कॉस्टिकचं पाणी मारून घेतलं होतं. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा थर येतो, जाडी फक्त काही नॅनोमीटर. धातूचं संरक्षण त्या थराच्या जिवावर असतं आणि तो थर सामू (पीएच) साधारण ४ ते ८.५ असेपर्यंतच टिकतो. कॉस्टिक त्याच्या खूप वर, फरशी धुण्याचं ॲसिड खूप खाली. दोन्हींनी थर विरघळतो आणि खालचा धातू खाल्ला जायला लागतो. मागच्या रिमांना ते ॲसिडही लागलं होतं. त्यावर पांढरे, खडूसारखे डाग होते आणि बोट फिरवलं की खरखर लागायची.

पुढच्या रिमांचा प्रकार वेगळा. त्यांच्यावर लॅकर, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर होता. दगड उडून लॅकरला जिथे टवका गेला होता, तिथून आत केसासारख्या पांढऱ्या रेषा पसरत गेल्या होत्या, वाळवीच्या वाटांसारख्या. किनारपट्टीवर लॅकर लावलेल्या ॲल्युमिनियमला हे होतंच. वास्कोला गाडी रात्रभर बंदराजवळ उभी राहते, समुद्राची खारी हवा टवक्यातून आत शिरते आणि पापुद्र्याखाली काम करत राहते. वरून धुतलं तरी ती आत पोहोचलेली असते.

चौथा आजार सगळ्यात गंभीर होता आणि तो दिसत नव्हता. टाकी लोखंडी पट्ट्यांनी चेसिसला आवळलेली होती, पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये रबर. ते रबर फाटलेलं, कडेला पांढरी भुकटी. त्याखाली काय असेल याचा अंदाज आला, पण पट्टे सोडेपर्यंत खात्री नव्हती.

कुठला भाग उघडा आहे आणि कुठल्यावर थर आहे हे आधी कळलं पाहिजे. त्यासाठी दोन सोप्या तपासण्या आहेत. मेटल पॉलिश लावून कापडाने घासा. कापड काळं झालं तर धातू उघडा, नाही झालं तर वर काहीतरी आहे. दुसरी, मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांनी पृष्ठभागावर हलका स्पर्श करा. उघड्या धातूवर मीटर वाजतो, लॅकर किंवा ॲनोडायझिंग (कारखान्यात मुद्दाम जाड केलेला ऑक्साइडचा थर) असेल तर वाजत नाही. पायऱ्यांच्या कडेच्या पट्ट्यांवर मीटर वाजला नाही. त्या ॲनोडाइज्ड होत्या, म्हणून फक्त धुऊन सोडून दिल्या. तो थर घासून काढला असता तर कारखान्यात मिळालेलं चांगलं संरक्षण आम्ही स्वतःच्या हाताने घालवलं असतं.

पर्याय

मालकाच्या मनात एकच चित्र होतं, सगळं आरशासारखं. मी त्याच्याशी अर्धा तास बोललो. ते संभाषण महत्त्वाचं होतं, आणि मला ते आणखी लांब करायला हवं होतं.

एक पर्याय होता रंगाचा. सगळं घासून, इपॉक्सी प्रायमर मारून चंदेरी रंग. स्वस्त, टिकाऊ, समुद्राजवळ शहाणपणाचा. तो म्हणाला, "भाऊ, रंगच मारायचा तर ॲल्युमिनियमची गाडी कशाला?" त्याचं म्हणणं मला पटलं. या माणसाने खाणी बंद झाल्यावर शून्यापासून पुन्हा उभं केलेलं हे वाहन आहे. तो दिवसाचे बारा तास त्यात असतो. त्याला ते सुंदर हवं आहे, ही मागणी कमी लेखण्यासारखी नाही.

दुसरा पर्याय त्यानेच आणला होता. कोणीतरी दिलेली बाटली, लेबल नसलेली, "चाकावर मार आणि पाणी मार, चकाचक." मी ती बाटली उघडू दिली नाही. अशा चाक उजळवणाऱ्या द्रवांत काही वेळा हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीवर पडलं तरी सुरुवातीला फारसं दुखत नाही, आत शिरून हाडापर्यंत जातं, आणि त्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठल्याही गॅरेजच्या प्रथमोपचार पेटीत नसतं. ज्यात काय आहे हे माहीत नाही, ते मामांच्या हातावर पडू देणं मला मान्य नव्हतं.

तिसरा, सगळं आरशासारखं करून वर नवा लॅकर. मालकाला हा सर्वात आवडला, कारण मग देखभाल नको. पण पुढच्या रिमांवर त्याच गोष्टीचा परिणाम डोळ्यांसमोर होता. तो मी त्याला बोटाने दाखवला.

चौथा आम्ही घेतला: दिसणारा भाग आरसा, उघडाच ठेवायचा, वर मेण, आणि दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुणं ही मालकाची जबाबदारी. पट्ट्यांखालचा भाग, टाकीची चेसिसकडची बाजू, रिमाची मागची बाजू यांना पॉलिश नाही, फक्त स्वच्छता. कारण प्रत्येक पॉलिश म्हणजे थोडा धातू कमी होणं. जिथे कोणी बघत नाही तिथला धातू घालवायचा कशाला?

पहिलं काम: पुढची रिमं

शनिवारी सकाळी रिमं काढली. टायर तसेच ठेवले, कारण टायर बसतो ती आतली कड आम्हाला शिवायचीच नव्हती. तसंच हबला टेकणारा सपाट चेहरा आणि नटांची भोकं. तिथे घासलं की नट नीट बसत नाहीत, आणि चाक सैल होणं म्हणजे काय ते ट्रक चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्या भागांवर टेप लावला.

लॅकर जेल रिमूव्हरने काढला. मग वॉटर पेपर: ४००, ६००, ८००, १०००, १५००; आकडा मोठा तितका पेपर बारीक. प्रत्येक पेपर आधीच्याला काटकोनात, आधीच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत, आणि पाणी सतत. ॲल्युमिनियमचं ऑक्साइड धातूपेक्षा कितीतरी कठीण असतं, पॉलिश पेपरवरचे काही दाणे तर त्याचेच बनवतात. ते सुटून पेपरखाली फिरत राहिलं तर स्वतःच ओरखडे काढतं, म्हणून धुणं थांबवायचं नाही.

रविवारी मामांनी बफ लावली. आधी तपकिरी लस्टर (बफवर लावायचा मसाला), मग हिरवा. संध्याकाळी काळी चिकट राख उरते ती काढायला मी मैदा आणून दिला. मैदा भुरभुरून जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसला की तो तेलकट काळेपणा शोषून घेतो आणि ओरखडा पडत नाही. मामांना हे नवीन होतं, पण तीन मिनिटांत त्यांचा विश्वास बसला. रिमं अशी निघाली की मालकाने टायरशेजारी उभं राहून फोटो काढले. मेण लावलं, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने नट आवळले, शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासायला सांगितलं. गाडी वास्कोला गेली.

बिघाड

अकराव्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला. रिमांवर काळे-तपकिरी ठिपके. मोहरीएवढे, काही त्याहून बारीक, सगळीकडे विखुरलेले. खाली एवढंच लिहिलं होतं: "भाऊ हे काय?"

मला पहिल्यांदा वाटलं बंदरातली कोळशाची धूळ असेल. मुरगावला कोळसा उतरतो, तो पाण्याने जातो. हे ठिपके गेले नाहीत. नखाने खरवडल्यावर खाली सुईच्या टोकाएवढा खड्डा होता. म्हणजे धातू खाल्ला जात होता, आणि तोही दहा दिवसांत. नुसत्या खाऱ्या हवेने ॲल्युमिनियम इतक्या लवकर असं होत नाही. मागची रिमं तीच हवा खात होती, तिथे नवीन एकही ठिपका नव्हता.

ओळखीचे एक शिक्षक उच्च माध्यमिकमध्ये रसायनशास्त्र शिकवतात. त्यांना फोटो पाठवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "त्या बफने आधी काय घासलं होतं?"

चवथीच्या समया.

मामांनी बफ झटकली होती, ब्रशने पिंजलीही होती. पण कापडाच्या थरांत पितळेची भुकटी बसलेली असते, ती झटकून जात नाही. शिक्षकांच्या सांगण्यावरून बफचा एक तुकडा कापून झाकणाच्या बाटलीत अमोनियाच्या पाण्यात रात्रभर ठेवला. सकाळी पाणी फिकट निळं. तांबं होतं, शंका राहिली नाही.

झालं असं होतं. बफिंगच्या दाबाने पितळेचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतले. वर मेण होतं, पण ते जागोजागी घासलं गेलं. खारं दव बसलं की तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्यात छोटी बॅटरी तयार होते, आणि अशा जोडीत ॲल्युमिनियम झिजतं, तांबं शाबूत राहतं. प्रत्येक रुतलेला कण आपल्याभोवतीचा धातू खात होता. डिचोलीत गाडी उभी असती तर कदाचित आम्हाला महिन्याभरानेही कळलं नसतं. वास्कोच्या हवेने अकरा दिवसांत दाखवलं.

मामा खूप अस्वस्थ झाले. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचं काम परत आलेलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "मामा, तुमचा हात चुकलेला नाही. नवीन धातू वर्कशॉपमध्ये मी आणला, तेव्हा बफ वेगळ्या आणायचं काम माझं होतं." ते खरंच होतं. पितळेवर पितळेचा कण रुतला तर काही बिघडत नाही, त्यामुळे त्यांच्या अनुभवात हा धोका कधी आलाच नव्हता. विचारायला हवं होतं मी.

निर्णयाचा क्षण

आता दसऱ्याला तीन आठवडे. दोन वाटा होत्या. ठिपके हाताने घासून वर पुन्हा मेण लावून दसरा निभावून न्यायचा, किंवा सगळं परत उतरवायचं. पहिल्या वाटेने पूजेच्या दिवशी रिमं चमकली असती, आणि दिवाळीपर्यंत पुन्हा काळी पडली असती, या वेळी खड्डे आणखी खोल. रुतलेला कण काढायचा तर त्याच्या खालपर्यंत घासावंच लागतं.

मालकाला फोन करून मी सगळं सांगितलं, पितळेसकट. पैसे घेणार नाही हेही. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "दसऱ्याला पुढची चाकं अर्धवट दिसणार का?" मी म्हटलं, आरसा नसेल, पण अर्धवटही नसेल.

रिमं पुन्हा ४०० पासून घासली, मग ६००. तिथे थांबून नव्या नायलॉनच्या घासणीने गोल, एकाच दिशेने, एकसारखी रेघ दिली. आरशाऐवजी मऊ, चांदीच्या जुन्या भांड्यासारखी झळाळी आली. त्यावर बफ लावली नाही, कारण नव्या बफ यायच्या होत्या आणि टाकी राहिली होती. घाईत पुन्हा चूक नको होती.

टाकी

नव्या बफ आल्यावर एका लाल झाकणाच्या डब्यात ठेवल्या, वर मोठ्या अक्षरांत 'फक्त ॲल्युमिनियम'. ग्राइंडरही वेगळा केला. लोखंड घासणाऱ्या ग्राइंडरची ठिणगी आणि ॲल्युमिनियमची बारीक धूळ एकत्र आली तर पेट घेऊ शकते, हवेत उडालेली धूळ तर स्फोटही करू शकते. म्हणून आम्ही पेपर ओलाच वापरतो, धूळ कॉम्प्रेसरने उडवत नाही, ओल्या फडक्याने उचलतो. आणि ती ओली धूळ बंद डब्यात साठवत नाही, कारण पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो. ही काळजी समईच्या कामात कधी घ्यावी लागली नव्हती.

मामांचं मत होतं की टाकी गाडीवरच करावी, निम्मा वेळ वाचेल. मी नाही म्हटलं. डिझेलने भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी, आत वाफ कोंडलेली टाकी जास्त धोक्याची, आणि शेजारीच लोखंडी पट्टे. शिवाय पट्ट्यांखाली बघायचं होतंच. डिझेल काढलं, टाकी उतरवली, आतून साबणाच्या पाण्याने दोनदा धुतली, दोन दिवस हवा खेळती ठेवून वाळवली. मग सगळी तोंडं आणि ब्रीदर (हवा जायची नळी) घट्ट बंद केले. बफचा मसाला टाकीत गेला तर तो पुढे इंजेक्टरपर्यंत जाईल.

पट्ट्यांखाली जे वाटलं होतं ते निघालं. फाटलेल्या रबरात खारट चिखल साचून राहिला होता, लाल माती आणि कोळसा मिसळलेला, आणि त्याखाली खड्ड्यांची एक पट्टी. आता प्रश्न होता जाडी किती उरली.

झुवारीच्या काठावर बार्ज दुरुस्तीच्या यार्डात एक ओळखीचा मुलगा आहे. बार्जच्या तळाच्या पत्र्याची जाडी बघायला तिथे अल्ट्रासोनिक गेज, म्हणजे आवाजाच्या लहरींनी जाडी मोजणारं यंत्र वापरतात. तो रविवारी गेज घेऊन आला. टाकीच्या चांगल्या भागावर पहिलं वाचन २.८ मिमी. पत्रा मुळात ३ मिमीचा असावा असा माझा समज, म्हणजे सगळीकडेच झीज झाली की काय? मालकाचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्या मुलाच्या लक्षात आलं की गेज पोलादाच्या सेटिंगवर आहे. आवाजाचा वेग पोलादात साधारण ५,९०० मीटर प्रतिसेकंद, ॲल्युमिनियममध्ये साधारण ६,३००. सेटिंग बदललं आणि वाचन ३.० आलं. सहा-सात टक्क्यांच्या त्या फरकाने चांगली टाकी आम्ही सगळीकडे झिजलेली समजलो असतो.

खड्ड्यांत गेजचं टोक बसत नाही, म्हणून त्यांची खोली डायल गेजने मोजली. बहुतेक अर्ध्या मिमीच्या आत. एक १.१ मिमी. म्हणजे तिथे सुमारे १.९ उरला होता.

मामा म्हणाले, घासून सपाट करू. नेमकं तेच करायचं नव्हतं. एक खड्डा मिटवायला आजूबाजूचा चांगला पत्राही १.१ मिमीने उतरवावा लागला असता, आणि नेमका पट्टा आवळतो तिथे, जिथे टाकीला सर्वात जास्त ताण. वेल्डिंगने भरायचं तर तापल्याने आजूबाजूचा पत्रा मऊ पडतो, आणि डिझेलच्या टाकीवर वेल्डिंग हे आमच्या वर्कशॉपचं काम नव्हे. खड्डे तसेच ठेवायचं ठरलं. पितळेचा नव्हे, स्टेनलेसचा बारीक ब्रश वापरून आतली पांढरी भुकटी काढली, गोड्या पाण्याने धुऊन वाळवलं, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले. पट्ट्यांना वेगळा रंग, आणि मध्ये नवं सलग रबर, खालच्या बाजूला पाणी निथळेल अशी फट सोडून.

वरच्या अंगाचं पॉलिश हे मामांचं काम. इथे त्यांच्या पितळेच्या सवयीने आणखी एकदा अडवलं. ओतीव पितळेवर खरखरीत पेपरनंतर जोरात बफ दाबली की रेघा मिटतात. त्यांनी ६०० नंतर थेट बफ लावली. ट्यूबलाइटखाली टाकी निर्दोष दिसली. दारात उन्हात आणली आणि आत खोल कुठेतरी रेघांचं जाळं दिसायला लागलं, पावसातल्या काचेसारखं. पुन्हा ६०० वर. अर्धा दिवस गेला. त्यानंतर प्रत्येक टप्प्याला टाकी उन्हात आणायची असा नियम झाला, आणि तो मामांनीच केला.

दाबही कमी करावा लागला. पातळ पत्रा लवकर तापतो, तापला की बफ धातू ओढते आणि पृष्ठभाग धूसर होतो. तळहात टेकवता येईल इतकाच गरम, त्यापुढे गेला तर थांबायचं. हे मामांनी दोन तासांत हातात बसवलं. शेवटच्या दिवशी त्यांचा हात टाकीवरून फिरताना मी बघत होतो. एका बाजूचा धातू चमकवताना ते दुसऱ्या हाताने मागची उष्णता जोखत होते.

परिणाम

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टाकी बसली. भरण्यापूर्वी थोडं डिझेल आत फिरवून काढून टाकलं, डिझेल फिल्टर बदलला. मागची दोन रिमं नव्या बफने आरशासारखी झाली होती. पुढची तशीच मऊ झळाळीची. मालकाने टाकीला झेंडूचा हार घातला तेव्हा त्यात हार दोनदा दिसत होता. पुढच्या चाकांबद्दल तो काही बोलला नाही, पण त्याला ती पसंत नव्हती हे कळत होतं.

पुढच्या चवथीच्या आधी, म्हणजे तीन हजार मिमीच्या आसपासचा एक अख्खा पावसाळा अंगावर घेऊन, गाडी तपासायला आली. टाकीचा आरसा थोडा दुधाळ झाला होता, हाताच्या पॉलिशने तासाभरात परतला. पट्टे सोडून बघितलं, प्रायमर शाबूत, भुकटी नाही. मागची रिमं ब्रेकच्या धुळीने काळवंडली होती, ती सर्वात जास्त मेहनत मागतात. पुढची रिमं मात्र जवळपास जशीच्या तशी. एकसारख्या रेघांत बारीक ओरखडे लपतात, आणि मालक ती पाण्याने आणि घासणीने घरीच नीट करत होता. एकही काळा ठिपका परत आला नव्हता.

मी विचारलं, आता आरसा करून देऊ का? राहिलेलं काम माझ्यावर होतंच. त्याने थोडा वेळ रिमाकडे बघितलं. "नको भाऊ. मागचीही पुढच्यासारखी करून टाका. टाकी तेवढी आरसा राहू दे."

पुन्हा करायचं झालं तर

नमुना आधी करेन. टाकीच्या मागच्या बाजूला वीतभर जागा संपूर्ण प्रक्रियेने करायची, मेण लावायचं, आणि दोन आठवडे गाडी वास्कोला जाऊ द्यायची. पितळेचा दोष त्या वीतभर तुकड्यावर कळला असता, दोन रिमांवर नाही.

पट्टे पहिल्याच दिवशी सोडेन. टाकीच्या जाडीची बातमी जर वाईट आली असती, तर चार आठवडे रिमांवर घातलेली मेहनत आणि पैसे नव्या टाकीकडे वळवायला लागले असते. मालकाला तो निर्णय घ्यायला वेळच उरला नसता.

आणि मालकाशी पहिल्या दिवशी बोलताना मी त्याला 'आरसा की नाही' एवढंच विचारलं. दोन तयार नमुने हातात द्यायला हवे होते, एक आरसा आणि एक रेघेचा, आणि प्रत्येकाला महिन्याला किती घासावं लागेल ते सांगायला हवं होतं. त्याने वर्षभराने जे निवडलं ते कदाचित त्याच दिवशी निवडलं असतं.

मागची रिमं या दिवाळीनंतर करायची आहेत. लाल डब्यातल्या बफ अजून तिथेच आहेत. यंदा चवथीला समया आल्या तेव्हा मामांनी तो डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि पितळेचं काम संपेपर्यंत खाली काढला नाही.